न पाहणाऱ्याची जागा

१

लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाला मराठी समीक्षेत आता प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे, आणि ती फार आधीच प्राप्त व्हायला हवी होती. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, लावणी, भावगीत, जाहिरात, रहस्यकथा यांना ‘वाङ्मयबाह्य’ म्हणून दाराबाहेर ठेवणाऱ्या समीक्षेने स्वतःचेच नुकसान करून घेतले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या एकापेक्षा अधिक पिढ्यांना पुस्तक हाती धरायला शिकवले. या साध्या वस्तुस्थितीची दखल घेण्यासही ज्या समीक्षेला सवड झाली नाही, तिच्या सोवळेपणाचे समर्थन आज कोणी करणार नाही. येथपर्यंत वादाला जागा नाही.

वादाला जागा निर्माण होते ती या प्रतिष्ठेबरोबर रुजलेल्या एका गृहीतकामुळे. हे गृहीतक क्वचितच उघडपणे मांडले जाते. पण चर्चासत्रांतील शेऱ्यांमधून, परीक्षणांच्या प्रास्ताविकांमधून, शोधप्रबंधांच्या विषयनिवडीमधून ते सतत जाणवते. त्याचे स्वरूप असे : जे बहुसंख्य लोक पाहतात, ऐकतात, गुणगुणतात ते जो पाहत-ऐकत नाही, तो लोकांपासून तुटलेला असतो, त्याचा नकार हा अभिरुचीचा दंभ असतो, आणि हा दंभ अंतिमतः वर्गाचा व जातीचा असतो. अमुक मालिका पाहिली नाही, तमुक चित्रपट चुकवला, गाजत असलेले गाणे ऐकलेच नाही, असे म्हणणारा पदव्युत्तर विद्यार्थी हल्ली ओशाळून तसे म्हणतो. पूर्वी हेच ओशाळेपण रहस्यकथा वाचणाऱ्याच्या वाट्याला येत असे. ओशाळण्याची पाळी बदलली; ओशाळायला लावणारी व्यवस्था मात्र शाबूत राहिली.

या गृहीतकात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. लोकप्रिय कलाकृतीविषयीचा तुच्छताभाव ही एक गोष्ट आणि लोकप्रियतेच्या मागे न जाण्याचा निर्णय ही दुसरी. पहिली गोष्ट निंद्य आहे. दुसरीला केवळ पहिलीचे सोंग मानणे हे मात्र सिद्धान्ताच्या दृष्टीने कच्चे, आणि मराठी सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने सरळ चुकीचे आहे.

२

प्रथम सिद्धान्ताची बाजू. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासाची आज रूढ असलेली परिभाषा बव्हंशी बर्मिंगहॅम येथील अभ्यासकेंद्राकडून आलेली आहे. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात संकेतन आणि विसंकेतन यांची जी मांडणी केली, तिच्यात प्रेक्षकासाठी तीन जागा कल्पिलेल्या आहेत. प्रेक्षक संदेश प्रस्थापित अर्थाने स्वीकारतो. किंवा काही स्वीकारून काही नाकारत त्याच्याशी वाटाघाट करतो. किंवा त्या संदेशाचे विरोधी वाचन करतो. ही मांडणी मोलाची होती. प्रेक्षक म्हणजे मातीचा गोळा, त्याला माध्यमे हवा तसा आकार देतात, या समजुतीला तिने छेद दिला.

परंतु या तिन्ही जागा पडद्यासमोरच्या आहेत. पडद्यासमोर न बसणाऱ्यासाठी या आराखड्यात जागाच नाही. हॉल यांचा प्रश्न संदेशाच्या अर्थनिश्चितीचा होता, त्यामुळे त्यांच्यापुरती ही त्रुटी म्हणता येणार नाही. पुढच्या अनुयायांनी मात्र आराखड्याच्या मर्यादेलाच जगाची मर्यादा मानले. प्रतिकार करायचा तर तो पाहूनच, वापरूनच, उपभोगूनच करता येतो, असा सिद्धान्त त्यातून तयार झाला. मिशेल द सर्तो यांनी १९८० मध्ये सामान्य माणसाच्या वाचनाला परक्याच्या रानातील चोरट्या शिकारीची उपमा दिली. जॉन फिस्क यांनी १९८९ मध्ये फाडून घातलेल्या जीन्समध्ये उपभोक्त्याचे बंड पाहिले. उपभोग हीच निर्मिती, पाहणे हाच प्रतिकार, अशी ही चढती भाजणी आहे. हॉल स्वतः इतके निःशंक कधीच नव्हते. १९८१ मध्ये ‘लोकप्रिय’ या संज्ञेची चिकित्सा करताना त्यांनी लोकप्रिय संस्कृतीला संघर्षाचे क्षेत्र मानले, आणि हा संघर्ष नसता तर त्या विषयात आपल्याला स्वारस्यही उरले नसते, अशा आशयाची कबुली दिली. अनुयायांनी क्षेत्र ठेवले आणि संघर्ष गाळला.

द सर्तोंची चोरटी शिकार आज तपासून पाहण्यासारखी आहे. शिकारचोर रानात शिरतो, सावज घेऊन निसटतो, आणि मालकाला त्याचा पत्ता लागत नाही, ही त्या रूपकाची पूर्वअट होती. आजच्या व्यवस्थेत ही अट उरलेली नाही. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येचे मापन भारतात आधी ‘टॅम’ आणि २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था निवडक घरांतील उपकरणांच्या आधारे करीत आली आहे. त्या उपकरणाला घरातला प्रेक्षक भारावून पाहतो आहे की दातओठ खात पाहतो आहे, हे कळत नाही. यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांनी तर प्रत्येक दृष्टिक्षेपाची नोंद ठेवण्याची सोय केली आहे. तेथे कौतुकाचा अभिप्राय आणि संतापाचा अभिप्राय दोन्ही ‘सहभाग’ या एकाच खात्यावर जमा होतात. एखाद्या चित्रफितीची जळजळीत चिकित्सा करणारी दुसरी चित्रफीत पहिलीचा प्रसार वाढवते आणि तिच्या मालकाचे उत्पन्नही. विरोधी वाचन करणारा प्रेक्षक आता रानमालकाच्या वहीत हजेरी लावूनच शिकार करतो, आणि त्या हजेरीचे दाम मालक जाहिरातदाराकडून वसूल करतो.

याचा अर्थ विरोधी वाचन निरर्थक झाले असा नाही. अर्थाच्या पातळीवर ते आजही विरोधीच आहे. पण अर्थाची पातळी आणि गणनेची पातळी एकमेकींपासून विलग झाल्या आहेत, आणि दुसऱ्या पातळीवर तिन्ही प्रेक्षक सारखेच आहेत. त्या पातळीवर वेगळा ठरतो तो एकटा न पाहणारा. ज्या चौथ्या जागेचा विचार करण्याची गरज सिद्धान्ताला १९७३ मध्ये भासली नाही, ती जागा आज त्याच्यासमोर प्रश्न म्हणून उभी आहे. तिला ‘दंभ’ असे नाव दिल्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

३

दंभाच्या आरोपाला सैद्धान्तिक पाठबळ मिळते ते मुख्यतः पिएर बोर्दिए यांच्या १९७९ मधील ग्रंथातून. अभिरुची ही व्यक्तीच्या अंतरंगातून उगवत नाही, ती सामाजिक स्थानाचे चिन्ह असते, आणि जो वस्तूंचे वर्गीकरण करतो तो त्या कृतीतून स्वतःचेही वर्गीकरण करीत असतो, हे बोर्दिए यांनी फ्रेंच समाजाच्या पाहणीतून दाखवून दिले. त्यांच्या विवेचनात नकाराला महत्त्वाचे स्थान आहे. उच्चवर्गीय अभिरुची ही प्रामुख्याने इतरांच्या अभिरुचीविषयीच्या किळसेतून घडते. मराठी पांढरपेशा वर्गाच्या इतिहासाला हे निदान पुष्कळ प्रमाणात लागू पडते. तमाशाला नाके मुरडणारा आणि त्याच तमाशातील लावणीच्या चाली संगीत नाटकात शिरल्या की माना डोलावणारा वर्ग महाराष्ट्राने पाहिला आहे.

मात्र बोर्दिए यांच्या पाहण्या १९६० च्या दशकातील फ्रान्सच्या आहेत, याचा विसर त्यांचे दाखले देणाऱ्यांना पडतो. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन यांनी रॉजर कर्न यांच्यासह १९९६ मध्ये अमेरिकन समाजातील संगीतविषयक आवडीनिवडींचा अभ्यास मांडला, तेव्हा चित्र पालटलेले दिसले. वरच्या स्तरातील माणसाची ओळख पूर्वी त्याच्या नकारांवरून पटत असे. आता ती त्याच्या सर्वभक्षी अभिरुचीवरून पटू लागली होती. अभिजात संगीतही ऐकणे, ग्रामीण गीतेही ऐकणे, कशालाच नाक न मुरडणे हेच प्रतिष्ठेचे नवे लक्षण बनले होते. अमेरिकेतील निष्कर्ष महाराष्ट्राला जसेच्या तसे चिकटवणे योग्य नाही. परंतु मराठी मध्यमवर्गाच्या आजच्या सांस्कृतिक व्यवहाराकडे पाहता हा निष्कर्ष अनोळखी वाटत नाही. सकाळी शास्त्रीय गायकाची ध्वनिमुद्रिका, दुपारी कोरियन मालिका, संध्याकाळी जागतिक चित्रपट आणि रात्री लावणीचा ‘फ्यूजन’ प्रयोग, हा दिनक्रम ज्याला परवडतो तो समाजाच्या तळाशी नसतो. सर्व काही चाखण्यासाठी सवड, पैसा आणि आपण कशानेही बाटत नाही असा आत्मविश्वास लागतो. हे तिन्ही विशेषाधिकाराचे भाग आहेत.

तेव्हा ‘न पाहणारा तो अभिजन’ हे समीकरण एका विशिष्ट काळाचे समीकरण आहे. आजचा अभिजन बहुधा सर्व पाहणारा असतो, आणि न पाहणाऱ्याला अभिजन ठरवण्याचा अधिकारही तोच बजावीत असतो.

याच संदर्भात संख्येच्या युक्तिवादाचाही विचार करायला हवा. ‘लोकांनी स्वीकारले आहे’ हे वाक्य आज लोकशाहीचे वाक्य म्हणून उच्चारले जाते. पण टेओडोर अडोर्नो आणि मॅक्स होर्कहायमर यांनी १९४० च्या दशकात ‘जनसंस्कृती’ हा शब्द टाकून ‘संस्कृतिउद्योग’ हा शब्द का योजला, हे येथे आठवावे. ही संस्कृती जनांमधून आपसूक उगवलेली आहे असा भ्रम पहिल्या शब्दामुळे होतो, म्हणून त्यांनी तो टाळला. अडोर्नोंची जाझविषयीची मते आज कोणी गंभीरपणे स्वीकारणार नाही. वरून खाली पाहण्याची त्यांची सवयही स्वीकारार्ह नाही. परंतु शब्द बदलण्यामागचे त्यांचे कारण अजून जुने झालेले नाही. अडोर्नोंपेक्षा सर्वस्वी वेगळ्या परंपरेतून आलेल्या रेमंड विल्यम्स यांनी १९५८ मध्ये म्हटले होते की जनसमूह नावाची वस्तू नसते, माणसांकडे जनसमूह म्हणून पाहण्याच्या रीती तेवढ्या असतात. आकडा ही अशीच एक रीत आहे. जो समीक्षक प्रेक्षकसंख्येला लोकांचा आवाज मानतो, तो लोकांच्या जवळ गेलेला नसतो. तो फक्त उद्योगाच्या खिडकीतून लोकांकडे पाहत असतो. गर्दी आणि लाट यांत फरक करण्याची कुवत मराठी समाजाला नवी नाही. आषाढीला पंढरपुरी लोटणारा समुदाय कोणत्याही चित्रपटगृहात मावणार नाही. तरी त्याला कोणी टूम म्हणत नाही, कारण तो दर आठवड्याला दैवत बदलत नाही.

४

आता इतिहासाची बाजू. रंजनास नकार ही वरच्या वर्गाची मिरास आहे, हे म्हणणे महाराष्ट्रात तरी टिकत नाही. येथील सर्वांत परिणामकारक नकार खालून आलेला आहे.

जोतीराव फुले यांना १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण गेले. त्यांनी ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांना स्थान नाही, त्यांच्या सभेत सामील होण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या पत्राचे सार आहे. हा नकार रंजनाला दिलेला नव्हता, प्रतिष्ठेला दिलेला होता. पण ‘सर्व जेथे जमतात तेथे आपण का जावे’ हा प्रश्न मराठीत आधुनिक अर्थाने विचारला गेला तो येथे. सत्यशोधक समाजाच्या परंपरेतून पुढे जे जलसे उभे राहिले, त्यांनी तमाशाचा साचा उचलला. मात्र त्यातील शृंगाराला फाटा देऊन गण-गवळणीच्या जागी समाजचिकित्सा आणली. लोकप्रिय रूप घेणे आणि लोकप्रिय आशय नाकारणे या दोन्ही कृती एकाच वेळी घडल्या.

आंबेडकरी चळवळीने हे पाऊल आणखी पुढे नेले. महाडच्या १९२७ मधील सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते घेण्यास नकार दिला, अशी आठवण चळवळीच्या परंपरेत सांगितली जाते. बापूराव हे जन्माने ब्राह्मण शाहीर. त्यांच्या फडाची कीर्ती ज्या पवळेमुळे झाली ती जन्माने महार. अस्पृश्य स्त्रीच्या देहावर उभ्या असलेल्या रंजनाचा पैसा तिच्याच समाजाच्या मुक्तीसाठी नको, ही या नकारामागील भूमिका. मेलेली गुरे न ओढणे, गावकीची हलकी कामे न करणे आणि फडावर न नाचणे ही एकाच कार्यक्रमाची कलमे होती. येथे नकार देणाऱ्यांकडे सांस्कृतिक भांडवल नव्हते, सवड नव्हती, वेगळेपणाची हौस तर नव्हतीच. प्रचंड लोकप्रिय असलेल्या एका रंजनप्रकारातील आपली नेमून दिलेली जागा सोडणे, हा त्यांच्यासाठी माणूस म्हणून उभे राहण्याचा भाग होता. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे या मोकळ्या झालेल्या जागेवर उभे राहिले. पुढच्या दलित साहित्याला जो श्रोता आणि वाचक लाभला, तो घडवण्यात या जलशांचा वाटा आहे. सर्व नकार अभिजनवादी असतात असे मानणाऱ्याला या घटनाक्रमाचे काय करायचे, हे सांगता यायला हवे.

तथापि हा दाखला गौरवापुरता वापरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शर्मिला रेगे यांनी १९९५ पासूनच्या आपल्या लेखनात लावणी-तमाशातील स्त्रियांच्या बाजूने एक अडचणीचा प्रश्न उपस्थित केला. शृंगार वगळलेल्या जलशात स्त्री कलावंताला जागा उरली नाही. चळवळीचे रंगपीठ पुरुषांचे झाले. आणि फडावर राहिलेल्या स्त्रिया अप्रतिष्ठेच्या धनी झाल्या. शैलजा पाईक यांच्या २०२२ मधील ग्रंथानेही तमाशातील दलित स्त्रियांच्या जीवनाच्या आधारे माणुसकी, अश्लीलता आणि जात यांचा हा पीळ उलगडून दाखवला आहे. एखाद्या समाजाने रंजनाला दिलेल्या नकाराची किंमत त्याच समाजातील, त्या रंजनावर पोट असलेल्या स्त्रियांनी मोजली, ही बाब नजरेआड करता येत नाही.

पण या आक्षेपाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. नकार देणारे लोकांपासून तुटलेले होते, असे रेगे म्हणत नाहीत. नकाराची किंमत समान वाटली गेली नाही, असे त्यांच्या विवेचनातून निष्पन्न होते. नकाराची खरी कसोटी येथून हाती लागते. नकार देणारा कोणत्या वर्गाचा, एवढा प्रश्न पुरेसा नाही. त्या नकाराची किंमत कोण मोजतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर काय उभे राहते, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. पांढरपेशांनी तमाशाला मुरडलेल्या नाकाची किंमत फडावरच्या कलावंताने मोजली आणि त्या जागेवर फक्त पांढरपेशांचा बडेजाव उभा राहिला. आंबेडकरी नकाराची किंमत काही अंशी चुकीच्या खांद्यांवर पडली, पण त्या जागेवर एक नवा श्रोतृवर्ग आणि नवे साहित्य उभे राहिले. दोन्ही नकारांना एकाच मापाने मोजणारी समीक्षा दोन्हींपैकी एकही समजून घेत नाही.

५

साठोत्तरी लघुअनियतकालिकांना याच दोन प्रश्नांना सामोरे जावे लागेल. मौज अशी की, प्रस्थापित मराठी साहित्याचा पंचनामा करणारा अशोक शहाणे यांचा १९६३ मधील ‘क्ष-किरण’ हा गाजलेला लेख ‘मनोहर’सारख्या मध्यमवर्गीय वाचकांच्या मासिकात प्रसिद्ध झाला. लोकप्रिय नियतकालिकाचा स्पर्श वर्ज्य मानणे हा त्या पिढीच्या नकाराचा गाभा नव्हता. खपाचा हिशेब हा साहित्याच्या मूल्याचा हिशेब होऊ द्यायचा नाही, एवढे तिचे म्हणणे होते. ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’ यांच्या मोजक्या प्रतींनी वाचक जमवला नाही, वाचक घडवला. त्या नकाराची आर्थिक किंमतही प्रामुख्याने काढणाऱ्यांनीच सोसली.

अरुण कोलटकर हे या वृत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. जाहिरातीच्या व्यवसायात ते संकल्पक-चित्रकार म्हणून नावाजलेले होते. लोकांचे लक्ष कसे वेधतात आणि ते कसे विकतात, याचे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळवावे लागले नाही. अमेरिकन ब्लूजपासून भजनापर्यंतच्या लोकसंगीताचे त्यांना वेड होते, तेव्हा त्यांना लोकप्रियतेचे वावडे होते असेही म्हणता येणार नाही. असे असूनही १९७७ मधील ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या संग्रहानंतर सुमारे पाव शतक त्यांचा मराठी कवितासंग्रह आला नाही. ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ ही पुस्तके आली ती आयुष्याच्या अखेरीस, २००३-०४ च्या सुमारास, आणि तीही लहान प्रकाशनामार्फत. मुलाखती, सत्कार, संमेलने यांच्या फेऱ्यात ते कधी रमले नाहीत. त्यांचा नकार कोणत्याही कलाप्रकाराला नव्हता. तो हजेरी लावण्याच्या सक्तीला होता. लोकप्रिय असलेल्या वस्तूवर प्रेम करणे आणि लोकप्रियतेच्या वेळापत्रकानुसार न वागणे या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, याचा याहून स्पष्ट पुरावा मराठीत शोधावा लागणार नाही.

अर्थात या परंपरेचा ऱ्हासही येथेच नोंदवला पाहिजे. प्रस्थापितविरोध ही पुढे स्वतःच एक टूम झाली. नकार देणाऱ्याची दाढी, नकार देणाऱ्याची शिवी, नकार देणाऱ्याचे छोटे मुखपृष्ठ यांची नक्कल करणे सोपे होते आणि ती झाली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कोसला’ महाविद्यालयीन बंडखोरीचा गणवेश बनली, यात त्या कादंबरीचा दोष नाही. दोष अनुयायित्वाचा आहे. नकाराचेही अनुगमन होऊ शकते, आणि ते लोकप्रियतेच्या अनुगमनाहून अधिक फसवे असते, कारण अनुगमन करणाऱ्याला आपण स्वतंत्र आहोत असे त्यात वाटत राहते. मराठीत ‘लौकिक’ हा एकच शब्द जगरहाटीसाठीही वापरतात आणि कीर्तीसाठीही. जगरहाटी सोडल्याचा लौकिक मिरवणारा माणूस त्या शब्दाच्या एका अर्थातून निघून दुसऱ्या अर्थात शिरलेला असतो.

६

लोकप्रिय संस्कृतीच्या समर्थकांचा सर्वांत सबळ दाखला ‘सैराट’चा आहे, आणि तो टाळून हा वाद मिटवता येणार नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१६ मधील या चित्रपटाने जातीय हिंसेचा प्रश्न मराठी प्रेक्षकांच्या अभूतपूर्व गर्दीपुढे ठेवला. ज्याने केवळ गर्दी आहे म्हणून तो पाहिला नाही, त्याने मोठे काही गमावले, हे मान्य करायला हवे. गर्दीत जे आहे ते त्याज्यच असते, हा नियम जितका खोटा, तितकाच गर्दीत जे आहे ते ग्राह्यच असते हाही नियम खोटा.

परंतु ‘सैराट’ पाहिला गेला आणि ‘सैराट’ची लाट आली, या दोन वेगळ्या घटना होत्या. लाटेने ‘झिंगाट’ उचलले. ते लग्नाच्या वरातींत, गणपतीच्या मिरवणुकांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोहोचले. शेवटची निःशब्दता, रक्ताळलेल्या पावलांनी चालत जाणारे मूल, यांपैकी काहीही लाटेबरोबर गेले नाही. ते जाण्यासारखे नव्हतेच, कारण निःशब्दतेवर नाचता येत नाही. दिग्दर्शकाने पूर्वार्धातील उन्मादाला उत्तरार्धात जो जाब विचारला होता, तो जाब वगळून लाटेने फक्त उन्माद वाहून नेला. २०१८ मध्ये आलेल्या ‘धडक’ या हिंदी रूपांतराने जातीचा संदर्भही पुसट करून टाकला. चित्रपट हा संघर्षाचे क्षेत्र होता. लाट हा त्या संघर्षाचा निकाल होता, आणि तो चित्रपटाच्या विरुद्ध लागला. म्हणून चित्रपट पाहणे आणि लाटेत सामील होणे यांत फरक करणारा प्रेक्षकच ‘सैराट’शी इमान राखतो. न-अनुगमन ही येथे कलाकृतीकडे पाठ फिरवण्याची कृती राहत नाही. कलाकृतीला तिच्या लाटेपासून सोडवण्याची ती कृती ठरते.

एक आक्षेप अद्याप उरतो, आणि तो समीक्षकाच्या व्यवसायाशी निगडित आहे. जे पाहिले नाही त्यावर बोलण्याचा अधिकार समीक्षकाला कसा पोहोचतो? उत्तर निःसंदिग्ध आहे : पोहोचत नाही. न पाहिलेल्या कलाकृतीवर निकाल देणारा समीक्षक न्यायाच्या प्राथमिक नियमाचा भंग करतो, आणि अभिजनवादाचा आरोप त्याच्यावर खुशाल करावा. न पाहणाऱ्याचा हक्क हा मौनाचा हक्क आहे, निकालाचा नव्हे. मात्र हा मौनाचा हक्क खरा आहे आणि तो हिरावून घेतला जात आहे. सर्व काही पाहिलेले असणे, प्रत्येक गाजत्या विषयावर आठवड्याच्या आत मत असणे ही समीक्षकाची पात्रता मानली जाऊ लागली आहे. ज्या विद्यार्थ्याने दोन वर्षे लीळाचरित्राच्या पाठभेदांत घालवली आणि त्या काळातील एकही मालिका पाहिली नाही, त्याची ती दोन वर्षे लोकांपासून दूर गेली असे म्हणणे म्हणजे महानुभावांच्या मराठीला लोकांची भाषा न मानणे होय.

प्रश्न अखेरीस वेळेचा आहे, आणि वेळ ही अभ्यासकापाशी असलेली एकमेव साधनसामग्री आहे. टीका करण्यासाठीसुद्धा जी व्यवस्था आधी हजेरी मागते, तिच्या दारात सगळा वेळ खर्च झाल्यावर हाती उरते ती त्या व्यवस्थेने ठरवलेल्या विषयांवरील टीका. मराठीत ज्यांनी नवे वाचक, नवे श्रोते, नवी भाषा उभी केली, त्यांनी कोठे तरी ही हजेरी नाकारली होती : कोणी ग्रंथकारांच्या सभेची, कोणी फडाची, कोणी खपाच्या मासिकांच्या मापाची. त्या प्रत्येक नकाराचा हिशेब वर सांगितलेल्या दोन प्रश्नांनी तपासावा, आणि जेथे किंमत दुसऱ्याच्या माथी मारलेली दिसेल तेथे तो निषेधार्ह ठरवावा. पण न पाहणाऱ्याची जागा रिकामी समजून त्यावर ‘अभिजन’ अशी पाटी लावून पुढे जाणे समीक्षेने आता थांबवावे. त्या जागेवर आधी कोण उभे होते, याची चौकशी केली तर पाटी लावणाऱ्यांचाच संकोच होईल.